स्मोक डिटेक्टर बदलताना या चुका टाळा

एका हिवाळ्यात पहाटे तीनच्या सुमारास आमच्या पॅसेजमधून दर चाळीसेक सेकंदांनी एक बारीक ‘चिक्’ ऐकू येऊ लागली. आईच्या मते पाल चुकचुकत होती, मला इन्व्हर्टरचा संशय होता, आणि शेवटी सगळे जण माना वर करून छताखाली उभे राहिल्यावर आवाज स्मोक डिटेक्टरचा असल्याचे कळले. हा आवाज बहुधा रात्रीच सुरू होतो, यात योगायोग काही नाही. आधीच अशक्त झालेल्या सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) पहाटेच्या गारव्यात आणखी थोडा उतरतो आणि यंत्राने ठरवलेल्या मर्यादेखाली जातो. सकाळी घर तापले की तोच सेल पुन्हा मर्यादेच्या वर येतो आणि यंत्र गप्प होते. मग दिवसा कोणालाच त्याची आठवण राहत नाही. आमच्याकडेही ते आठवडाभर तसेच राहिले.

त्यानंतर मी पहिली चूक केली, ती म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून मिळाला तो ९ व्होल्टचा चौकोनी सेल आणून बसवला. त्यावर ठळक अक्षरांत ‘हेवी ड्युटी’ लिहिलेले होते. या नावाचा सेल हा प्रत्यक्षात झिंक-कार्बनचा, म्हणजे अल्कलाइनपेक्षा कमी दमाचा असतो. घड्याळात किंवा रिमोटमध्ये तो चालून जातो. स्मोक डिटेक्टरसाठी मात्र त्याच्या माहितीपत्रकात नोंदवलेलाच अल्कलाइन किंवा लिथियम सेल घ्यावा. रिचार्जेबल सेल वापरून पैसे वाचवण्याचा मोहही टाळावा, कारण असे बरेच सेल नुसते पडून राहिले तरी हळूहळू उतरतात आणि ‘चिक्’ लवकर परत येते.

दुसरी चूक अधिक मोठी होती. चांगला सेल घालूनही आवाज थांबेना, तेव्हा कुठे डिटेक्टर फिरवून खाली काढला आणि त्याच्या पाठीवर छापलेली तारीख वाचली. त्याला दहा वर्षे उलटून गेली होती. घरगुती स्मोक अलार्मचे आयुष्य साधारणपणे दहा वर्षे धरतात आणि ते खरेदीच्या नव्हे, तर उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात. आजच्या बहुतेक अलार्मच्या आत एक छोटी अंधारी पोकळी असते. तिच्यात एक एलईडी प्रकाश टाकत राहतो, पण तो प्रकाश समोरच्या संवेदकावर थेट पडणार नाही अशी रचना केलेली असते. धुराचे कण आत शिरले की प्रकाश विखुरतो, त्याचा काही भाग संवेदकापर्यंत पोहोचतो आणि अलार्म वाजतो. वर्षानुवर्षे त्या पोकळीत धूळ साचते आणि सुटे भागही थकत जातात, त्यामुळे जुना डिटेक्टर एकतर उगाच वाजतो, नाहीतर वेळेवर वाजत नाही. काही यंत्रे आयुष्य संपल्यावर स्वतःच ‘चिक्’ करू लागतात, आणि ती तक्रार कितीही सेल बदलले तरी मिटत नाही. म्हणून सेल आणण्याआधी तारीख पाहावी.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, कारण मुंबई, ठाणे, पुण्याच्या उंच इमारतींमध्ये खरा घोटाळा इथेच होतो. छतावर दिसणाऱ्या पांढऱ्या गोल डबीचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. एक स्वतंत्र अलार्म, ज्यात सेल आणि भोंगा दोन्ही असतात. दुसरा सोसायटीच्या फायर अलार्म यंत्रणेचा डिटेक्टर, ज्यात बहुतेकदा सेलही नसतो आणि भोंगाही नसतो. तो दोन तारांवरून आलेल्या साधारण २४ व्होल्टवर चालतो आणि धूर लागला की इमारतीच्या खालच्या नियंत्रण पॅनेलला कळवतो, मग भोंगे पॅनेल वाजवते. बाहेरून दोन्ही इतके सारखे दिसतात की दुसऱ्या प्रकारचा डिटेक्टर बिघडल्यावर लोक ऑनलाइन पहिल्या प्रकारचा मागवतात, तो जुन्या बेसवर, म्हणजे छताला पक्क्या केलेल्या तळाच्या चकतीवर, बसत नाही म्हणून बेसही उखडतात, लोंबणाऱ्या तारांना इन्सुलेशन टेप गुंडाळतात आणि काम झाले असे समजतात.

त्याचा परिणाम स्वतःच्या फ्लॅटपुरता राहत नाही. जुन्या पद्धतीच्या अनेक यंत्रणांमध्ये ओळीतली तार प्रत्येक डिटेक्टरच्या बेसमधून पुढे जाते, त्यामुळे मधला एक डिटेक्टर काढला की त्याच्या पुढचे सगळे पॅनेलपासून तुटतात आणि पॅनेलवर ‘फॉल्ट’चा पिवळा दिवा लागून बझर वाजू लागतो. वॉचमन तो आवाज बटण दाबून बंद करतो, आणि पुढच्या घरांचे डिटेक्टर छतावर नुसते शोभेला उरतात. नव्या, ॲड्रेसेबल यंत्रणेत प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा क्रमांक असतो. बदललेल्या डिटेक्टरवर तोच क्रमांक लावला नाही, किंवा चुकून शेजारच्याचा लावला, तर आग एका खोलीत आणि पॅनेलवर नाव दुसऱ्याच खोलीचे, असे होऊ शकते. म्हणून डबीला चाचणीचे बटण नसेल आणि बेसमधून दोन किंवा अधिक बारीक तारा येत असतील, तर तिला हात न लावता सोसायटीच्या कार्यालयाला कळवावे आणि देखभालीचे कंत्राट असलेल्या एजन्सीकडूनच ती बदलून घ्यावी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. तुमच्या छतावरची टेप त्या कागदाच्या आड लपून राहू नये.

स्वतंत्र अलार्म मात्र स्वतः बदलता येतो आणि त्यात अवघड काही नाही. डबी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की बेसमधून सुटते. नवा अलार्म जुन्या बेसवर जबरदस्तीने अडकवू नये. दोन कंपन्यांचे खाचे क्वचितच जुळतात, आणि अर्धवट अडकलेली डबी एखाद्या रात्री खाली येते. बेस नवाच लावावा, भोके पुन्हा पाडावी लागली तरी. बेसवर डबी बंदच होत नसेल, तर सेल बसवायचा राहिला नाही ना ते पाहावे. सेल नसताना झाकण लागूच नये म्हणून काही कंपन्या मुद्दाम एक छोटी पट्टी ठेवतात आणि लोक ती अडथळा समजून मोडून टाकतात.

जागा निवडताना ‘जुना होता तिथेच’ हा नियम नेहमी योग्य ठरत नाही. रोजच्या फोडणीला अलार्म वाजत असेल तर दोष बहुधा यंत्राचा नसून जागेचा असतो. शेगडीपासून निदान दहा फूट, बाथरूमच्या दारापासून आणि एसीच्या झोतापासून निदान तीन फूट, आणि पंख्याच्या पात्याच्या टोकापासूनही तेवढेच अंतर ठेवावे, कारण फिरता पंखा धूर डिटेक्टरपर्यंत पोहोचूच देत नाही. शक्यतो छताच्या मध्यभागाजवळ लावावा. भिंतीवरच लावायचा झाला तर छतापासून चार ते बारा इंच खाली. स्वयंपाकघरात स्मोक डिटेक्टरऐवजी उष्णतेवर चालणारा हीट डिटेक्टर बरा, मात्र बेडरूमबाहेरच्या स्मोक डिटेक्टरची जागा तो घेऊ शकत नाही. देवघराबद्दलही हेच सांगता येईल. धूप-उदबत्तीच्या वेळी डिटेक्टरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधण्याची पद्धत मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिली आहे, आणि गणपतीत बांधलेली पिशवी दिवाळीतही तशीच असते. रंगकामाच्या वेळी डिटेक्टरवर घातलेल्या टोपीचेही तसेच होते. डिटेक्टरवर रंगाचा हात फिरला असेल, तर तो पुसून वापरू नये, बदलावा.

बसवून झाल्यावर चाचणीचे बटण काही सेकंद दाबून धरावे. उदबत्ती किंवा काडी पेटवून तपासण्याची हौस टाळावी. तिचा चिकट अंश आतच राहतो आणि पुढे खोटे अलार्म देतो. खरी धुराची चाचणी हवी असेल तर त्यासाठीचा स्प्रे मिळतो. नव्या सेलनंतरही ‘चिक्’ चालू राहिली, तर सेल काढून चाचणीचे बटण पंधराएक सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो, आणि मग सेल परत घालावा. दर मिनिटाला एकदा लुकलुकणारा लाल दिवा ही तक्रार नसून बहुतेक यंत्रांत सुस्थितीची खूण असते. पॅनेलला जोडलेल्या डिटेक्टरचा लाल दिवा मात्र सतत पेटलेला दिसला, तर त्याने अलार्म दिलेला आहे, आणि तो पॅनेलवरून रिसेट केल्याशिवाय विझणार नाही. पावसाळ्यात कारण नसताना वाजत असेल तर आत कोळी किंवा मुंग्या शिरल्या आहेत का ते पाहावे, आणि मऊ ब्रश जोडलेला व्हॅक्यूम क्लीनर जाळीवरून फिरवावा.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी एवढे पाहावे की तिथल्या अनेक घरांतले अलार्म १२० व्होल्टच्या वायरिंगवर, एकमेकांना जोडलेले असतात; मेन ब्रेकर बंद करावा आणि नव्या कंपनीचा प्लग जुन्या जोडणीत कोंबू नये.

काढलेल्या अलार्मच्या पाठीवर किरणोत्साराची खूण किंवा ‘अमेरिशियम २४१’ असा उल्लेख असेल, तर तो जुन्या आयनायझेशन प्रकारचा आहे. तो उघडू नये, कचऱ्यात टाकू नये, विक्रेत्याकडे किंवा उत्पादकाकडे परत करावा. बाकीचे ई-कचऱ्यात द्यावेत. देईपर्यंत माळ्यावर ठेवायचा असेल तर आधी सेल काढून घ्यावा, कारण आमचा जुना डिटेक्टर माळ्यावरच्या खोक्यातूनही आणखी तीन रात्री चुकचुकत राहिला होता.