घरच्या दुकानासाठी नेपाळहून हस्तकलेचा माल आणायचाय? मग निघायच्या आधी हे वाचा

घरचं गिफ्टचं किंवा होम डेकोरचं दुकान आहे, माल आत्तापर्यंत दिल्ली-जयपूरच्या घाऊकवाल्याकडून येतोय आणि आता वाटतंय की थेट बनवणाऱ्याकडूनच घ्यावा, तर पहिली परदेशी खरेदी नेपाळमधून करा असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. व्हिसा लागत नाही, हिंदी चालते, आणि आपला १ रुपया म्हणजे त्यांचे १.६० रुपये हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे ऑर्डर देताना आणि पैसे देताना हिशोब तोच राहतो. काठमांडू, पाटण आणि भक्तपूर ही तिन्ही गावं एकमेकांना लागून आहेत, म्हणजे धातू, लोकर, कागद, माती सगळं एका मुक्कामात बघून होतं.

जायच्या आधी घरात बसून ठरवा की जाणार कोण आणि मागे फोनवर कोण. आमच्याकडे मी जाते आणि वहिनी दुकानात असते, मी फोटो टाकला की ती सांगते हे विकलं जाईल, हे पडून राहील, कारण रोज गिऱ्हाईक ती बघते. काय कितीपर्यंत घ्यायचं तो आकडा आधीच लिहून न्या, नाहीतर तिथे गेल्यावर सगळंच आवडतं.

कागदपत्रांत आधी आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड. डीजीएफटी म्हणजे केंद्राच्या परदेश व्यापार विभागाच्या साइटवर ऑनलाइन निघतो, फी ५०० रुपये, आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अपडेट करावा लागतो नाहीतर बंद पडतो. प्रवासाला पासपोर्ट नाहीतर व्होटर आयडी न्या, १५ ते ६५ वयाच्या माणसांना विमानात आधार चालत नाही, एअरपोर्टवरून परत यावं लागतं. मुंबईहून थेट विमान आहे, पण वेळ असेल तर एकदा गोरखपूरपर्यंत रेल्वेने जाऊन सुनौलीच्या सीमेवरून आत जा, कारण त्या रस्त्याला बुटवलच्या वर तानसेन लागतं आणि पाल्पाचं ढाका म्हणजे हातमागाचं नक्षीदार कापड तिथलं. ढाका घेताना कापड उलटं करून बघाच. हातमागावर भरलेल्या नक्षीचे धागे मागच्या बाजूला दिसतात, छापील असेल तर मागून फिकट असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कधी जायचं. आपल्याला माल दिवाळीला हवा असतो आणि नेमकी तेव्हाच तिकडे दशैं आणि तिहार असते, आपल्या दसरा-दिवाळीच्याच दिवसांत, कारागीर गावी जातात आणि वर्कशॉप बंद. त्याच्या आधीचे महिने पावसाचे, दरडी कोसळतात, ट्रक अडकतात, लोकर वाळत नाही. म्हणून दिवाळीची ऑर्डर मार्च-एप्रिलमध्येच द्यायची. शनिवार तिकडे सुट्टीचा, तो दिवस दरबार स्क्वेअर बघायला ठेवा, रविवारी काम चालू असतं.

पोचल्यावर लगेच ठमेलमध्ये खरेदी सुरू करू नका. ठमेल टुरिस्टांसाठी आहे, तिथे भाव आणि डिझाईन बघायचं, बस. त्यापेक्षा पाटणच्या बाजूला कुपंडोलला जा, तिथे फेअर ट्रेड, म्हणजे कारागिराला रास्त मोबदला देणाऱ्या, संस्थांची दुकानं आहेत, महागुठी, साना हस्तकला, ढुकुटी. त्यांचे भाव लावलेले असतात, क्वालिटी नीट असते, त्यामुळे चांगला माल हातात कसा लागतो आणि त्याला रास्त भाव काय याचा अंदाज येतो. एक अख्खा दिवस तिथे घालवा. या संस्था घाऊक ऑर्डरही घेतात आणि पहिल्या वेळेला त्यांच्याकडूनच घेतलंत तर डोक्याला ताप कमी. मग हळूहळू वर्कशॉप शोधा, पाटणमध्ये महाबौद्ध आणि ओकु बहाल भागात गल्लीगल्लीत मूर्तीकाम चालतं, आतून ठोकण्याचा आवाज येतो तिथे डोकवायचं, "दाइ (म्हणजे दादा), काम बघू का" विचारलं की बहुतेक जण आत बोलावतात.

सिंगिंग बोल, म्हणजे ठोकून किंवा कडेवर दांडी फिरवून नाद काढायचं धातूचं वाडगं, घेणार असाल तर थोडा वेळ द्या, कारण आपल्याकडे त्याला मागणी आहे आणि फसवणूकही त्यातच जास्त. आधी वाडगं उन्हात तिरकं धरा. हाताने ठोकलेलं असेल तर आतबाहेर हातोड्याचे लहान चपटे ठसे दिसतात, एकसारखे नसतात, कडा कुठे जाड कुठे पातळ. ओतीव किंवा मशीनचं असेल तर सगळीकडे गुळगुळीत किंवा सगळे ठसे एका साच्यातले. मग तळहात पूर्ण सपाट करायचा, बोटं वर येऊ द्यायची नाहीत, त्यावर वाडगं ठेवायचं आणि गुंडाळलेल्या मोगरीने बाजूला हलकं मारायचं. आवाज लांब चालला पाहिजे आणि विझताना स्वच्छ विझला पाहिजे. मध्येच खर्रर्र अशी कुरकुर आली की कुठेतरी केसाएवढी चीर आहे, डोळ्याला दिसली नाही तरी बाजूला ठेवा. नंतर लाकडी दांडी कडेवरून हळू फिरवून बघा. हे प्रत्येक नगाला करायचं, नमुन्याला करून बाकीचे डोळे झाकून पॅक करायला सांगायचे नाहीत. हाताने ठोकलेली वाडगी किलोवर विकतात, म्हणून वजन समोर करून घ्या. आणि "सात धातूंचं आहे" हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येईल, प्रत्यक्षात ते मुख्यतः तांबं आणि कथिल म्हणजे आपलं कासंच असतं, तेव्हा तुमच्या दुकानाच्या लेबलवर सात धातू छापू नका, गिऱ्हाइकाला खरं सांगा.

पश्मिनाचं तेच. च्यांग्रा बकरीच्या खालच्या मऊ लोकरीचा तो खरा पश्मिना, त्यांच्या उद्योगाचा "च्यांग्रा पश्मिना" असा ट्रेडमार्क आहे, तो कोणाकडे आहे ते विचारा. रस्त्यावर ढिगाने मिळतो तो बऱ्याचदा व्हिस्कोस. कडेचे दोनचार धागे ओढून जाळा, केस जळल्याचा वास आला आणि राख चुरडली गेली तर लोकर किंवा रेशीम, कागद जळल्यासारखा वास आला तर व्हिस्कोस. रेशीम मिसळलेलं वाईट नसतं, टिकतं जास्त, फक्त किती टक्के ते बिलावर लिहून घ्या.

फेल्टचे बॉल, गालिचे, खेळणी यांची लोकर बहुतेक न्यूझीलंडची असते, गरम पाणी आणि साबण लावून बायका हाताने वळतात. पांढरं ओलं फडकं रंगावर घासून बघा, रंग उतरला तर नको. लोक्ता कागद डोंगरातल्या झुडपाच्या सालीपासून होतो, कापलेलं झुडूप काही वर्षांत पुन्हा वाढतं, कीड लागत नाही, डायऱ्या आणि लग्नपत्रिकांना सुंदर. गाठीचे गालिचे घेत असाल तर गुडवीव्हचं लेबल बघा, म्हणजे बालमजुरी नाही याची तपासणी झालेली असते. बाकी ठिकाणीही स्वतः आत जाऊन काम कोण करतंय ते बघायचं आणि पटलं नाही तर ऑर्डर द्यायची नाही, भाव कितीही चांगला असो.

भावाबद्दल माझं ठाम मत आहे. शेवटच्या पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका. त्याऐवजी विचारा की महिन्याला असे किती नग तुमच्याकडे होतात. दोनशे म्हणाले तर दीडशेचीच ऑर्डर द्या, कारण पाचशे मागितले तर नाही कोणी म्हणत नाही, बाहेरून जमवून देतात आणि मग हाताचं काम म्हणून घेतलेला माल कुठला तेच कळत नाही.

ऑर्डर कागदावर लिहा, लिपी एकच असल्याने देवनागरीत लिहिलं तरी चालतं, माप, रंग, वजन, नग, आणि कमी-जास्त किती चालेल तेही. हाताच्या कामात फरक असणारच, पण २० सेंटीमीटरच्या वाटीत एखादा सेंटीमीटर इकडेतिकडे ठीक, तीन नाही. मान्य केलेल्या नमुन्यावर दोघांच्या सह्या, एक तुमच्याकडे एक त्यांच्याकडे. तारीख मात्र इंग्रजी महिन्यातच लिहा, तिकडे सगळं विक्रम संवतावर चालतं, त्यांचा असोज १५ म्हणजे साधारण १ ऑक्टोबर.

चहापाणी, किरकोळ नमुने यांना फोनपेचं (Fonepay, ही नेपाळची कंपनी, आपलं PhonePe नव्हे) क्यूआर दिसलं तर आपलं यूपीआय बऱ्याच दुकानांत चालतं. मुख्य पेमेंट बँकेतूनच, अर्धे आगाऊ, उरलेले माल तपासल्यावर. आणि व्यापाराचा माल बॅगेत भरून आणायचा विचारही नको, बॅगेत फक्त नमुने.

नेपाळमध्ये बनलेल्या मालाला व्यापार करारामुळे आपल्याकडे मूळ सीमाशुल्क माफ होतं, पण त्यासाठी सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन लागतं, ते विक्रेता तिकडच्या अधिकृत संस्थेकडून काढतो. कच्चा माल तिसऱ्या देशातला असेल, जशी फेल्टची लोकर, तर नेपाळात किमान ३० टक्के मूल्यवाढ झालेली लागते, म्हणून लोकर कितीची आणि मजुरी किती हे विक्रेत्याकडून लेखी घेऊन ठेवा. आयजीएसटी भरावाच लागतो, त्याचं क्रेडिट मिळतं.

मूर्ती आणि थांका (कापडावरची बौद्ध चित्रं) यांना आणखी एक कागद लागतो. १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू नेपाळबाहेर नेता येत नाही, त्यामुळे नवीन मूर्तीलासुद्धा पुरातत्त्व विभागाचा दाखला घ्यायचा, ऑफिस काठमांडूत रामशाहपथला आहे. कोणी कानात "जुनं आहे, स्वस्तात देतो" म्हणालं तर तिथून निघायचं. देवळातून चोरलेल्या मूर्तींनी त्या लोकांचं किती गेलंय ते तिथल्या रिकाम्या देवळ्या बघितल्या की समजतं.

लाकडी खोकी असतील तर त्यावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडावर कीड मारायची प्रक्रिया झाल्याचा, शिक्का हवा, नसेल तर बंदरात किंवा सीमेवर अडकवतात, त्यापेक्षा जाड पुठ्ठ्याची खोकी बरी. जड धातू वीरगंज-रक्सौलवरून ट्रकने, पश्मिना विमानाने. रक्सौलला क्लिअरिंग एजंट आधी ठरवा, माल निघायच्या आधी त्याला इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट पाठवून एचएसएन कोड पक्के करून घ्या. माल घरी आला की खोकी उघडतानाचा व्हिडिओ काढा, फुटलेलं मोजा, त्याच दिवशी तिकडे कळवा, आणि बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्सचा कागद, बँकेत दाखल करा, नाहीतर ते आगाऊ दिलेले पैसे बँकेच्या सिस्टिममध्ये उघडे दिसत राहतात आणि पुढचं पेमेंट अडतं. कारागिराची राहिलेली रक्कम दशैंच्या आधी त्याच्या खात्यात जाईल असं बघा, गावी जाताना त्याला ती लागते.