डिप्रेशनमधल्या टीनएजरसाठी फॅमिली थेरपी: बालसंरक्षणाच्या टीममध्ये कशी सुरू करायची

आपल्या कामात एक गोष्ट सारखी दिसते. मुलगी डिप्रेशनमध्ये आहे म्हणून तिला समुपदेशनाला पाठवतात, आईवडिलांना पालकांच्या ट्रेनिंगला पाठवतात, आणि दोघांमध्ये जे बिनसलंय त्याबद्दल कोणी बोलतच नाही. फॅमिली थेरपी आणायची ती यासाठी.

माझं मत अटॅचमेंट-बेस्ड फॅमिली थेरपीला आहे, म्हणजे मूल आणि पालक यांच्यातलं भरवशाचं नातं परत जोडणारी थेरपी. गाय डायमंड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ती टीनएजरच्या डिप्रेशन आणि आत्महत्येच्या विचारांसाठीच तयार केली, साधारण १२ ते १६ आठवडे चालते. २००२ ची ट्रायल ३२ मुलांची, २०१० ची ६६ मुलांची, दोन्हीत फायदा दिसला, पण २०१९ मध्ये १२९ मुलांवर झालेल्या ट्रायलमध्ये साध्या आधार देणाऱ्या थेरपीनेही जवळजवळ तेवढाच फरक पडला. टीमला हे आधीच सांगा, नाहीतर पहिली केस अडकली की सगळे म्हणणार, बघा, चालत नाही हे.

पद्धतीत पाच टप्पे आहेत आणि पहिला टप्पा सगळ्यांत जास्त शिकून घ्यायचा. पहिल्याच सेशनमध्ये मुलीला विचारायचं, "तुला जेव्हा एवढं वाईट वाटतं, जगावंसंच वाटत नाही, तेव्हा तू आईकडे का जात नाहीस?" आणि गप्प बसायचं. ती खाली बघत म्हणते, काय उपयोग, ती ऐकतच नाही. इथे आई लगेच "अगं मी तर रोज विचारते" म्हणून सुरू होते, तिला हळूच थांबवायचं. भांडण अभ्यासाचं की मोबाइलचं हे बाजूला राहतं आणि मुलीचा आईवरचा भरवसा कुठे तुटला हा विषय होतो. मग मुलीची एकटीची सेशन्स, पालकांबरोबर वेगळी (त्यांच्या स्वतःच्या लहानपणी त्यांचं कोणी ऐकलं होतं का, हे विचारलं की बरेच जण मऊ होतात), मग दोघांना समोरासमोर बसवून ते जुनं दुखणं बोलायचं, आणि शेवटी शाळा, मित्र, स्वतःचे निर्णय.

घाई करू नका! पालक स्वतःची बाजू न मांडता ऐकायला तयार नसतील तर समोरासमोरचं सेशन पुढे ढकला, नाहीतर मुलीला परत तोच अनुभव येतो. आणि घरात मारहाण किंवा अत्याचार अजून चालू असेल तर त्या व्यक्तीबरोबर एकत्र सेशन घ्यायचंच नाही, आधी सुरक्षितता. मूल घराबाहेर राहत असेल तर आजी, मावशी, पालनकर्ते, जो मोठा माणूस पुढेही टिकून राहणार आहे त्याला घ्या.

अजून एक, मूल घरी ठेवायचं की नाही हे ठरवणारा केस वर्कर आणि थेरपिस्ट एकच माणूस नको. पालक मोकळे कसे बोलतील? खोलीतलं काय बाहेर सांगावं लागेल आणि काय नाही, हे पहिल्याच दिवशी साध्या शब्दांत सांगा.

आता टीमचं. सगळ्यांना दोन दिवसांच्या वर्कशॉपला पाठवून काही होत नाही, सर्टिफिकेट फाइलला लागतं आणि सगळे जुन्याच पद्धतीने काम करतात. मनापासून तयार असलेले तीन-चार जण निवडा, त्यांच्या केसेस खरंच कमी करा, आणि दर आठवड्याला सुपरव्हिजनचा (अनुभवी थेरपिस्टबरोबर केसेस तपासून बघण्याचा) तास ठरवून टाका, तो कुठल्याही मीटिंगसाठी हलवायचा नाही. सुपरव्हिजनमध्ये सेशनचा व्हिडिओ बघा, कारण आठवून सांगताना आपण सगळेच बरं बरं सांगतो. व्हिडिओसाठी मुलाची आणि पालकांची दोघांची परवानगी घ्या.

फरक मोजायला पीएचक्यू-९ या डिप्रेशनच्या प्रश्नावलीची टीनएजर आवृत्ती पुरते, ९ प्रश्न, स्कोअर ० ते २७, दर तीन-चार सेशन्सनी भरून घ्या. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्याशिवाय काहीही टिक असेल तर एकूण स्कोअर कमी असला तरी त्याच दिवशी मुलाशी एकांतात बोला, कोणाला फोन करायचा, घरातली औषधं कोण ठेवणार हे लिहून द्या, आणि मानसोपचारतज्ज्ञांना कळवा. हे कोण करणार, सुट्टीच्या दिवशी कोण करणार, हे पहिली फॅमिली घ्यायच्या आधी ठरवून ठेवा.