जुनी मॅन्युअल लेन्स, नवा कॅमेरा: जोडणीपासून फोकसपर्यंत

जुन्या लेन्सने काढलेले पहिले पन्नासेक फोटो बहुतेकांचे मऊसर येतात आणि ठपका बसतो लेन्सच्या वयावर. माझंही तेच झालं. हेलिओस ४४-२ ही ५८ मिमी, एफ/२ ची सोव्हिएत लेन्स हौसेने आणली, दोन आठवडे वापरली आणि ‘काच गेलेली दिसतेय’ म्हणत कपाटात टाकली. काच ठणठणीत होती. मी ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, एफ/८ वर बंद करून (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान) फोकस करत होतो. पडद्यावर फोकसची खूण म्हणून सगळंच लाल चमकायचं, मी खूश होऊन बटण दाबायचो आणि घरी आल्यावर कानाची पाळी धारदार, डोळे मऊ. हा लेख त्या दोन आठवड्यांची भरपाई समजा.

आधी अंतराचं गणित

प्रत्येक माउंटला, म्हणजे लेन्स जोडायच्या पद्धतीला, एक ठरलेलं अंतर असतं: लेन्स जिथे बसते त्या धातूच्या कडीपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं. जुन्या एसएलआरमध्ये, म्हणजे आरशातून दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, मधे आरसा हलायचा, म्हणून हे अंतर मोठं. एम ४२ या स्क्रू माउंटचं ४५.४६ मिमी, कॅनन एफडीचं ४२, निकॉन एफचं ४६.५. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नाही. सोनी ई १८, कॅनन आरएफ २० आणि निकॉन झेड १६ मिमी. या दोन आकड्यांमधला फरक भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे ॲडॅप्टर. एम ४२ ची लेन्स सोनी ई वर लावायची तर २७.४६ मिमीची नळी हवी, बस्स. आत काच नाही, त्यामुळे चित्र बिघडायचाही प्रश्न नाही.

डीएसएलआरवर, म्हणजे आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर, मात्र जरा बेताने. कॅनन ईएफचं अंतर ४४ मिमी, म्हणजे एम ४२ साठी दीड मिमीची जागा उरते आणि पातळ ॲडॅप्टर बसतो. (फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या, कॅननवर काही लेन्सची मागची कड आरशाला घासते. इन्फिनिटीकडे, म्हणजे सर्वात दूरच्या फोकसकडे, नेताना हलक्या हाताने न्या.) निकॉन डीएसएलआरवर तीच लेन्स एक मिमी आत जायला हवी, आणि तशी जागाच नसते. मग एकतर दूरचा फोकस सोडायचा, नाहीतर काच असलेला ॲडॅप्टर घ्यायचा. स्वस्त काचेचे ॲडॅप्टर लेन्सची सगळी चव घालवतात. माझं मत विचाराल तर त्यापेक्षा त्या कॅमेऱ्यासाठी दुसरी लेन्स शोधा.

बरेचसे ॲडॅप्टर मुद्दाम केसभर आखूड बनवतात, म्हणजे दूरचा फोकस हुकू नये. त्याचा परिणाम असा, की कडी शेवटपर्यंत फिरवली की फोकस इन्फिनिटीच्याही पलीकडे जातो. डोंगर किंवा तारे टिपताना ∞ च्या खुणेवर विसंबू नका.

लेन्स हातात घेऊन तपासताना

ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च मारा आणि तिरक्या नजरेने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ती लेन्स घेऊ नका. सगळीकडे सारखा धुरकटपणा असेल तर कॉन्ट्रास्ट जातो. चार धूळकण दिसतील, त्यांचं काही वाटून घेऊ नका. मग ॲपर्चरची कडी फिरवून पात्यांवर तेल आहे का बघा. हेलिओससारख्या हाताने उघडझाप होणाऱ्या लेन्समध्ये थोडं तेल चालून जातं. जिथे पाती स्प्रिंगने झटकन मिटायला हवीत तिथे ती तेलाने चिकटतात. शेवटी फोकसची कडी. जड असेल तर आतलं ग्रीस सुकलंय, दुरुस्तीवाल्याकडे जावं लागेल.

पेंटॅक्सच्या काही ५० मिमी एफ/१.४ टाकुमार लेन्सची काच पिवळी पडलेली दिसते. त्या काचेत थोरियम आहे, त्याने काळाच्या ओघात हा रंग येतो. काही दिवस उन्हात ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. ठेवताना उलट्या बाजूला झाकण किंवा फॉइल लावा, नाहीतर भिंगातून ऊन एकवटून भलतंच काही पेटायचं.

बसवणं आणि मेन्यू

एम ४२ च्या ऑटो लेन्सला (जिचं ॲपर्चर कॅमेरा मिटवायचा) मागे एक छोटी पिन असते. ती दाबली गेल्याशिवाय ॲपर्चर बंद होत नाही. लेन्सवर ए/एम खटका असेल तर एम वर ठेवा. नसेल तर पिन दाबणारी आतली कड असलेला ॲडॅप्टर घ्या. एफडी लेन्सच्या ॲडॅप्टरला स्वतःची कडी असते, ती योग्य बाजूला फिरवली नाही तर ॲपर्चर उघडंच राहतं.

कॅमेऱ्यात सगळ्यात आधी ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय चालू करा. तो बंद असला की बटण दाबूनही काही होत नाही आणि माणूस ॲडॅप्टरला शिव्या घालतो. मोड ॲपर्चर प्रायोरिटी, म्हणजे ॲपर्चर तुमचं, शटरचा वेग कॅमेऱ्याचा. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) असेल तर फोकल लेन्थ, म्हणजे लेन्सचा मिमीतला आकडा, हाताने भरा, आणि लेन्सवर लिहिलेलीच भरा: एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५८ ची लेन्स ८७ सारखी दिसली तरी भरायचे ५८. ऑटो आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता कॅमेऱ्यावर सोडणं) वापरत असाल तर किमान शटर १/१२५ ठरवून टाका. प्रतिमा मोठी करून दाखवणारं बटण अंगठ्याखाली येईल असं नेमा.

फोकस

खरं काम इथे आहे. आधी व्ह्यूफाइंडरच्या कडेचं डायॉप्टरचं (तुमच्या नजरेनुसार जुळवायचं) चाक फिरवून आतली अक्षरं स्वच्छ दिसतील असं करा. मग क्रम असा: ॲपर्चर पूर्ण उघडा, चित्र मोठं करून पापणीवर या, कडी धारदार बिंदूच्या किंचित पुढे न्या, मागे आणा, थांबा. आता ॲपर्चर हवं तेवढं बंद करा आणि टिपा. हेलिओस ४४-२ वर यासाठी दोन कड्या आहेत. खटखट वाजणाऱ्या कडीवर एफ/४ ठरवायचं. दुसरी सुळसुळीत कडी पूर्ण उघडं ते एफ/४ एवढीच फिरते. डोळा न काढता उघडा, फोकस करा, अडेपर्यंत बंद करा.

फोकस पीकिंगचे, म्हणजे धारदार भागावर कॅमेरा दाखवतो ते, रंगीत ठिपके म्हणजे फोकस नव्हे, ती फक्त कॉन्ट्रास्टची कड असते. संवेदनशीलता कमीत कमी ठेवा. एफ/१.४ च्या काही लेन्समध्ये ॲपर्चर बंद करताना फोकसची पातळीच थोडी सरकते; तशी शंका आली तर ज्या ॲपर्चरला टिपायचं तिथेच, मोठं करून, फोकस करा.

१ मीटरवर ५८ मिमी आणि एफ/२ म्हटलं, की धारदार पट्टा जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. श्वास घेताना माणूस तेवढा हलतो. म्हणून कोपर पोटाशी, आणि शेवटचा फरक कडीने नव्हे तर अंग किंचित पुढेमागे झुकवून. दोन-तीन फोटो लागोपाठ घ्या.

हलत्या माणसांसाठी मात्र हे सगळं सोडून द्या. २८ मिमीची लेन्स, एफ/८, फोकस ३ मीटरवर ठेवून हात लावू नका. लेन्सवरच्या खोलीच्या खुणा (कुठपासून कुठपर्यंत धारदार येईल ते सांगणाऱ्या) छोट्या प्रिंटसाठी आखलेल्या आहेत, त्यामुळे एफ/८ ला असताना एफ/४ च्या खुणा वाचा. फुल फ्रेमवर साधारण २ ते साडेपाच मीटर मिळतात, तेवढे पुरतात.

उजेड, भोवरा आणि नोंदी

जुनं कोटिंग साधं असतं. बाजूने ऊन आलं की चित्र पांढुरकं पडतं. हूड नसेल तर तळहात आडवा धरा. हेलिओसचा तो प्रसिद्ध भोवरा, म्हणजे गरगर फिरल्यासारखी दिसणारी मऊ पार्श्वभूमी, हवा असेल तर माणूस दीड-दोन मीटरवर, मागे काही मीटर अंतरावर उजेड झिरपणारी पानं, ॲपर्चर पूर्ण उघडं. एपीएस-सीवर कडा कापल्या जातात, तिथे तो कमीच दिसेल.

फोटोच्या फाइलमध्ये ॲपर्चर नोंदलं जात नाही. पहिले काही दिवस वहीत लिहा, नाहीतर फोनवर बोलून ठेवा.

ॲडॅप्टर दरवेळी काढू नका, लेन्सवरच राहू द्या आणि दोन्ही मिळून सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवा. चामड्याचं मूळ पाकीट कितीही देखणं असलं तरी लेन्स त्यात नको. चामडं ओल धरतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते.