जुनी लेन्स, नवा कॅमेरा: लेन्सला दोष देण्यापूर्वी या चुका टाळा

जुनी मॅन्युअल (हाताने फोकस करायची) लेन्स आजच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यावर लावून काढलेले पहिले फोटो पुष्कळदा फिके, धूसर किंवा फोकस चुकलेले येतात आणि लेन्स खराब झाली असावी, असे समजून ती पुन्हा कपाटात जाते. हा निर्णय बहुतेक वेळा घाईचा असतो, कारण चूक अ‍ॅडाप्टरमध्ये (लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्यात), कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये किंवा हाताळणीत असण्याची शक्यता अधिक असते. उदाहरणादाखल हेलिओस ४४-२ ही ५८ मिमी एफ/२ लेन्स घेऊ. कार्ल झाइस येनाच्या बायोटार लेन्सवर बेतलेली आणि सोव्हिएत झेनिट कॅमेऱ्यांबरोबर मोठ्या संख्येने विकली गेलेली ही एम४२ आट्यांची (४२ मिमी व्यासाच्या स्क्रूने बसणारी) लेन्स आजही सहज मिळते.

बटण दाबूनही शटर उडत नसेल तर बिघाड शोधत बसू नये. या लेन्सला विद्युत संपर्क नसल्यामुळे अनेक कॅमेऱ्यांना लेन्स लावलेलीच नाही असे वाटते. म्हणून लेन्सशिवाय शटर उडू देण्याची सोय मेनूतून सुरू करावी लागते. कॅमेऱ्यात स्थिरीकरण, म्हणजे हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय, असेल तर तेथे फोकल लेंग्थही हाताने भरावी. सेन्सर लहान असला, तरी दीडपट करून येणारा ८७ नव्हे, लेन्सवर छापलेला ५८ हाच आकडा भरायचा असतो. चुकीचा आकडा राहिला तर स्थिरीकरणामुळेच फोटो हलल्यासारखा येतो.

सर्वांत जास्त गोंधळ अ‍ॅपर्चरचा, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचा, होतो. हेलिओस ४४-२ मध्ये त्यासाठी दोन रिंगा आहेत. एक रिंग टकटक करत ठरावीक आकड्यावर थांबते आणि अ‍ॅपर्चर किती मिटू द्यायचे याची मर्यादा ठरवते. दुसरी मोकळी फिरते आणि प्रत्यक्ष उघडझाप करते. पहिली रिंग ५.६ वर ठेवून दुसरी उघडीच राहिली, तर फोटो एफ/२ वरच निघतो, आणि लेन्सवर विद्युत संपर्क नसल्याने कॅमेरा त्याची सूचना देऊ शकत नाही. लेन्स समोरून डोळ्यांपुढे धरावी आणि दुसरी रिंग फिरवून आठ पाती मिटताना पाहावीत, म्हणजे कोणती रिंग काय करते हे कायमचे लक्षात राहते. पेंटॅक्सच्या टाकुमारसारख्या लेन्सवर ऑटो आणि मॅन्युअल असा खटका असतो. तो ऑटोवर असेल आणि अ‍ॅडाप्टर मागची पिन दाबत नसेल, तर रिंग कितीही फिरवली तरी अ‍ॅपर्चर पूर्ण उघडेच राहते. कॅनन एफडी लेन्सच्या बाबतीत हेच काम अ‍ॅडाप्टरवरील रिंग करते, म्हणून ती योग्य बाजूला फिरवलेली आहे ना, हे आधी पाहावे.

फोकससाठी केवळ पीकिंगच्या, म्हणजे स्पष्ट कडा पडद्यावर रंगवून दाखवणाऱ्या सोयीच्या, रंगीत रेषांवर विसंबणे ही दुसरी मोठी चूक आहे. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर अर्ध्या मीटर अंतरावरून, एफ/२ वर या लेन्सची स्पष्टतेची खोली (पुढे-मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो ती) एक सेंटिमीटरही भरत नाही, आणि पीकिंगची रेषा मात्र त्याहून जाड पट्टा रंगवते. डोळ्यावर फोकस करायचा असेल तर दृश्य मोठे करूनच पाहावे. अनेक जुन्या लेन्समध्ये अ‍ॅपर्चर मिटवल्यावर फोकसची जागा किंचित सरकते, त्यामुळे जवळच्या विषयासाठी ज्या अ‍ॅपर्चरवर फोटो काढायचा, त्यावरच फोकस पुन्हा तपासावा. व्ह्यूफाइंडर अंधारला तरी हे दोन क्षण खर्च करण्यासारखे आहेत.

दूरचे डोंगर स्पष्ट येत नसतील तर संशय अ‍ॅडाप्टरवर घ्यावा. एम४२ लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४५.४६ मिमी असते आणि सोनीच्या ई माउंटचे (लेन्स बसण्याच्या जागेपासून सेन्सरपर्यंतचे) १८ मिमी; म्हणजे अ‍ॅडाप्टर २७.४६ मिमी जाड हवा. तो केवळ ०.१ मिमी जास्त जाड झाला, तर अनंताच्या (∞, म्हणजे अतिदूरच्या विषयाच्या) खुणेवर ५८ मिमी लेन्सचा फोकस सुमारे ३४ मीटरवरच थांबतो. म्हणूनच अनेक अ‍ॅडाप्टर मुद्दाम किंचित पातळ केलेले असतात, आणि अशा वेळी रिंग शेवटच्या टोकापर्यंत फिरवली की फोकस अनंताच्याही पुढे जातो. रात्रीच्या आकाशाचे फोटो याच कारणाने बिघडतात. खुणेवर विश्वास न ठेवता एखादा तेजस्वी तारा मोठा करून पाहावा. निकॉनच्या डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेल्या, कॅमेऱ्यावर ४६.५ मिमी अंतर आधीच खर्च झालेले, म्हणजे एम४२ च्या अंतरापेक्षा जास्त, असल्याने काच नसलेल्या अ‍ॅडाप्टरने सव्वातीन मीटरपलीकडचे काहीच स्पष्ट मिळत नाही, आणि यावर हाताळणीचा उपाय नाही.

फोटो फिका येत असेल तर लेन्सच्या पुढे हूड, म्हणजे बाजूचा प्रकाश अडवणारी नळी, लावून पाहावे. हेलिओस ४४-२ ला ४९ मिमी आट्यांचे हूड बसते. अ‍ॅडाप्टरची आतली बाजू चकाकत असेल तर तिला मॅट काळा लेप द्यावा. त्यानंतरही फिकेपणा राहिला तर मोबाईलचा टॉर्च मागून तिरका पाडून काचेत धुरकट थर किंवा बुरशीचे धागे दिसतात का ते पाहावे. मुंबई आणि कोकणच्या पावसाळ्यात चामडी पेटीत बंद ठेवलेल्या लेन्सला बुरशी हमखास लागते. साठवणीच्या जागेची आर्द्रता ४० ते ५० टक्के राखावी. बुरशीने कोटिंग खाल्ले असेल, तर साफसफाईनंतरही डाग राहतो.

पिवळेपणा ही वेगळी गोष्ट आहे. सात काचांच्या सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ मध्ये थोरियम या किरणोत्सारी मूलद्रव्याने युक्त काच असून ती कालांतराने पिवळी पडते. अतिनील प्रकाशात काही आठवडे ठेवल्यास हा रंग बराच उतरतो. तोवर व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढरा दिसावा यासाठीची रंगाची मांडणी) हाताने ठरवावा. मात्र उन्हात उघडी ठेवलेली लेन्स आग लावू शकते, आणि थोरियमची काच घरी खोलून घासू नये.

फोटोची एकच बाजू मऊ येत असेल तर विटांच्या भिंतीसमोर ट्रायपॉडवर कॅमेरा भिंतीला समांतर ठेवून एफ/५.६ वर फोटो काढावा, मग अ‍ॅडाप्टर बदलून तोच फोटो पुन्हा घ्यावा. दोन्ही वेळा तीच बाजू मऊ राहिली आणि कॅमेऱ्याची स्वतःची लेन्स मात्र भिंत एकसारखी टिपत असेल, तर जुन्या लेन्सची एखादी काच जागेवरून सरकली असावी, आणि ती दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावी.