गच्चीवरच्या जुन्या वडाचं बोनसाय

गच्चीत कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडलेला कुंडीतला वड किंवा फायकस (वडाच्याच कुळातलं शोभेचं झाड) असेल तर टाकू नका, बोनसायसाठी जाड बुंधा आयता मिळतोय, नर्सरीत त्याचेच पैसे घेतात! जून-जुलैत पाऊस नीट सुरू झाला की काम काढा. आधी वरची माती बोटांनी उकरून बुंध्याला मुळं कुठे फुटलीत ते बघा, कधीकधी छान पसरलेली मुळं दोन-तीन इंच खाली गाडलेली असतात आणि झाडाची खरी शोभा तीच. मग उंची निम्म्यावर आणा, वड जुन्या लाकडातूनही फुटतो, घाबरायचं कारण नाही. चीक येईल, ओल्या फडक्याने पुसा, कपड्यांना लागला तर डाग जात नाही. कुंडीत गोल गोल फिरलेली मुळं साधारण एक तृतीयांश कापा. लगेच उथळ ट्रेमध्ये नको, एक वर्ष साध्या पसरट कुंडीत राहू दे. माती चाळून घ्या, विटांचा बारीक चुरा, जाड वाळू आणि शेणखत, पाणी थांबता कामा नये. दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा, मातीत मिसळलेल्या शेणखताशिवाय वरून वेगळं खत महिनाभर अजिबात नाही. फांद्यांना वळण द्यायला गुंडाळतात ती तार नवीन फांद्या जरा जाड झाल्यावरच, आणि सालीत रुतायच्या आत काढा.