ट्रकची एकच बॅटरी उकळते? दोष बहुधा दुसरीत असतो

दोन बॅटऱ्यांपैकी एकीचं पाणी दर पंधरा दिवसांनी खाली जातं. झाकणांभोवती ओल असते, टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर धरतो आणि लांबचा पल्ला मारून आल्यावर पेटीजवळ सडक्या अंड्यासारखा वास येतो. शेजारची बॅटरी मात्र कोरडी, स्वच्छ. मग वायरमन सांगतो, ‘ही गेली, नवीन टाका.’ आमच्या दहाचाकीला एका वर्षात एकाच बाजूला दोन नव्या बॅटऱ्या घातल्या आणि दोन्ही उकळल्या. तेव्हा कुठे डोक्यात आलं की मार खाणारी वेगळी आहे आणि खोडी करणारी वेगळी.

ट्रक-बसची वायरिंग २४ व्होल्टची असते, म्हणून १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. पहिलीचा निगेटिव्ह चेसिसला, दुसरीचा पॉझिटिव्ह स्टार्टरला आणि मध्ये दोघींना जोडणारी जाड पट्टी. टेप, पंखा, मोबाइलचा चार्जर ही सगळी १२ व्होल्टची मंडळी. फिटिंगवाला काय करतो, त्या मधल्या पट्टीवरून एक वायर काढतो आणि केबिनमध्ये नेतो. पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. त्या वायरीवरचा सगळा लोड एकट्या चेसिसकडच्या बॅटरीवर पडतो.

हिशेब करून बघा. ढाब्यावर रात्रभर पंखा आणि टेप मिळून ५ अँपिअर ओढले, तर आठ तासांत ४० अँपिअर-अवर गेले, तेही एकाच बॅटरीतून. दुसरी भरलेलीच आहे. सकाळी इंजिन सुरू झालं की चार्जिंगचा करंट दोघींतून सारखाच वाहतो, कारण रस्ता एकच आहे. रिकामीला भरायला जेवढा करंट लागतो, तेवढाच भरलेलीतूनही जातो. तिला तो साठवायला जागा नाही, म्हणून तो तिचं पाणी फोडतो आणि हायड्रोजन-ऑक्सिजनचे बुडबुडे निघतात. अल्टरनेटरच्या रेग्युलेटरला (गॅरेजच्या भाषेत कटआउटला) फक्त बेरीज दिसते. वाटणी कशी झाली ते त्याला कळत नाही.

तपासायला बसण्याआधी

बिडी-सिगारेट बाजूला ठेवा. हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला तरी ठिणगीने भडकतो. बोटातली अंगठी आणि हातातलं कडं काढा. पाना टर्मिनल आणि चेसिस यांच्यात अडकला तर लाल होतो, मग अंगठीचं काय होईल ते सांगायला नको. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे. ॲसिड उडालंच तर भरपूर पाण्याने धूत राहा, आणि डोळ्यात गेलं असेल तर धुऊन लगेच डॉक्टरकडे जा. बॅटरी सोडवताना चेसिसकडचा निगेटिव्ह आधी, जोडताना तो सगळ्यात शेवटी. इंजिन चालू असताना केबल कधीच काढू नका, एका झटक्यात अल्टरनेटर आणि कंट्रोल युनिट दोन्ही जाऊ शकतात. बीएस-६ गाडीत चावी बंद केल्यावर डीईएफचा (धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या पाण्याचा) पंप थोडा वेळ चालतो, तो थांबू द्या.

मोजमाप

साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी चावी न लावता प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. भरलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. एक १२.६ आणि दुसरी १२.१ असेल तर निम्मं उत्तर मिळालं.

मग इंजिन सुरू करा, रेस थोडी चढती ठेवा, हेडलाइट बंद. अर्ध्या तासाने तीन आकडे लिहून घ्या: दोघींचे मिळून, पहिलीचा, दुसरीचा. वहीत लिहा, तोंडी ठेवू नका. आमच्या गाडीचे आकडे होते २८.२, १३.२ आणि १५.०. बेरीज अगदी बरोबर, त्यामुळे प्रत्येक वायरमन फक्त बेरीज बघून ‘चार्जिंग ओके’ म्हणत होता.

एकूण २७.६ ते २८.८ मध्ये आणि दोघी जवळपास सारख्या असतील, तर चार्जिंग ठीक आहे. त्यातूनही पाणी जात असेल तर बॅटरी म्हातारी झाली आहे किंवा सायलेन्सरच्या धगीजवळ बसवली आहे.

एकूण बरोबर पण वाटणी वाकडी असेल, तर मधल्या पट्टीला हात लावून एकेक वायर कुठे जाते ते शोधा. वायर नसेल तर कमी आकड्याच्या बॅटरीत एखादा सेल मेला असेल. सहाऐवजी पाचच सेल जिवंत राहिले की २८.२ चे भाग पडतात १२.८ आणि १५.४. हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता दाखवणाऱ्या नळीने) सगळे सेल बघा. भरल्यावर १२४० च्या वर हवं. एकच सेल बाकीच्यांपेक्षा ५० पॉइंटने मागे असेल, तर त्याचा निकाल लागला. एक जुनी, एक नवी अशी जोडी लावली तरी हाच प्रकार होतो, फक्त हळूहळू.

एकूणच २८.८ च्या वर गेलं, तरच कटआउटवर संशय घ्या. तोही बदलण्याआधी एक काम करा. कटआउट बाहेर वेगळा बसवलेला असेल, तर चालू इंजिनवर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून त्याच्या सेन्स वायरपर्यंत (जिच्यावरून तो व्होल्ट वाचतो) मीटर लावा. सैल थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) किंवा जळका फ्यूज होल्डर यामुळे वाटेत एक व्होल्ट पडत असेल, तर कटआउटला २७ दिसतात आणि तो बिचारा जोर लावून बॅटरीवर २९ चढवतो. कटआउटची स्वतःची अर्थिंगची वायरही तशीच घासून घट्ट करा. दहा रुपयांच्या थिंबलने नवा कटआउट वाचतो.

दुरुस्ती

मधल्या पट्टीवरची वायर काढून टाका. १२ व्होल्टच्या सामानासाठी २४ ते १२ चा रिड्यूसर लावा आणि त्याचं इनपुट दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवरून घ्या, बॅटरीजवळच फ्यूज टाकून. टेप आणि मोबाइलला १० अँपिअरचा पुष्कळ झाला. ॲम्प्लिफायर असेल तर त्याचा लोड बघून मोठा घ्या. बॅटरी इक्वलायझर नावाचा डबाही मिळतो, तो मधल्या पट्टीला जोडून वाटणी सारखी ठेवतो. मोठ्या लोडच्या बसला तो ठीक, पण साध्या ट्रकला माझं मत रिड्यूसरला.

इथे बरेच जण घाई करतात. नुसती वायर काढून भागत नाही, मागे पडलेली बॅटरी गाडीवर कधीच बरोबरीला येत नाही. दोघींना सोडवून १२ व्होल्टच्या चार्जरवर वेगवेगळं पूर्ण भरा, मगच जोडा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला आणि उरलेलं भरल्यावर. ॲसिड नाही, आरओचं पाणी नाही. बदलायची वेळ आली तर जोडीच बदला: एकच कंपनी, एकच अँपिअर-अवर, एकाच महिन्याचं उत्पादन.

आठवड्याने, एक-दोन फेऱ्या झाल्यावर, पुन्हा तेच तीन आकडे घ्या. दोघींत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक नसावा. आमच्याकडे १४.१ आणि १४.० आले. आता मधल्या पट्टीवर लाल पेंटने ‘इथून वायर काढू नये’ असं लिहिलंय, आणि म्युझिकवाला आला की क्लीनर त्याच्या शेजारी उभा राहतो.