माणसांचं, वस्तूंचं दिसणं इंग्रजीत सांगताना या चुका टाळा

लग्नाच्या बायोडेटात 'होमली' हा शब्द आपल्याकडे अजूनही दिसतो. लिहिणाऱ्याच्या मनात घर आणि माणसं सांभाळणारी मुलगी असते. तोच बायोडेटा अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलाच्या हाती पडला, तर तो वाचतो : मुलगी दिसायला बेताचीच. अमेरिकी इंग्रजीत होमलीचा अर्थ तो आहे. ब्रिटनमध्ये हा शब्द कौतुकाचा, पण बहुधा जागेसाठी : साधं, उबदार, आपलंसं वाटणारं घर.

मी मोठ्या माणसांना बोलण्याचं इंग्रजी शिकवते. दिसण्याचं वर्णन आलं की व्याकरण पक्कं असलेली माणसंही अडखळतात, कारण चूक व्याकरणात नसतेच. शब्दाचा अर्थही पाठ असतो. चुकते ती जोडी, म्हणजे कुठलं विशेषण कुठल्या नामाशेजारी बसतं ते.

'जाड' घ्या. मराठीत पुस्तक जाड, भाकरी जाड, भिंग जाड आणि माणूसही जाड. इंग्रजीत पुस्तक, पावाचा तुकडा, भिंग या सगळ्यांना थिक चालतं. माणसाला थिक म्हटलं की ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ होतो मठ्ठ. 'उंच'चंही तसंच. माणूस, झाड, मनोरा हे टॉल, कारण ते जमिनीवर उभे आणि रुंदीच्या मानाने उंच. डोंगर, भिंत, छत, वरचं फडताळ हे हाय. 'ही इज हाय' म्हणालात तर ऐकणाऱ्याला तो नशेत आहे असं वाटेल. उलट बाजूला ठेंगणा माणूस शॉर्ट, पण ठेंगणी भिंत लो. आणि 'हिज हाइट इज गुड' हे थेट 'उंची चांगली आहे'चं भाषांतर. तिथे 'ही इज क्वाइट टॉल' पुरतं. स्वतःची उंची सांगताना 'आय अ‍ॅम फाइव्ह फूट सिक्स' म्हणा, 'माय हाइट इज' अशी सुरुवात फॉर्म भरल्यासारखी वाटते.

केसांबद्दल थोडक्यात. हेअर एकवचनीच ठेवा; 'हेअर्स' म्हणजे सुटे केस, आमटीत सापडतात तसे. दाट केस थिक, डेन्स नव्हे. डेन्स जंगल असतं. पिकलेले केस बहुधा ग्रे असतात, व्हाइट अगदी कापसासारखे झाल्यावरच. दाढी केलेला माणूस 'क्लीन शेव्ह' नसतो, 'क्लीन-शेव्हन' असतो. काळ्याभोर केसांसाठी जेट-ब्लॅक ही सुंदर जोडी आहे. त्यातलं जेट विमान नव्हे. ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाकडापासून बनलेलं, दगडासारखं दिसणारं काळंकुळकुळीत द्रव्य आहे, इंग्लंडच्या व्हिटबी गावचं विशेष प्रसिद्ध. १८६१ साली पती अल्बर्ट वारल्यावर राणी व्हिक्टोरियाने दुखवट्यात जेटचे दागिने घातले आणि तशी रीतच पडली. हे एकदा ऐकलेल्याला जेट-ब्लॅक पुन्हा पाठ करावं लागत नाही.

डोळ्यांपाशी मात्र थांबायला हवं, कारण इथली चूक जिव्हारी लागू शकते. 'काळेभोर डोळे' हे आपल्याकडे सौंदर्याचं लक्षण. पण इंग्रजीत ब्लॅक आय म्हणजे मार बसून काळानिळा झालेला डोळा. 'माय वाइफ हॅज ब्लॅक आइज' असं परदेशी सहकाऱ्याला सांगणाऱ्या नवऱ्याकडे तो कसा बघेल, ते तुम्हीच ठरवा. डार्क आइज किंवा डार्क ब्राउन आइज म्हणा. घाऱ्या डोळ्यांना आपण 'कॅट आइज' म्हणतो. ब्रिटनमध्ये कॅट्स आइज म्हणजे रात्री गाडीच्या दिव्यात चमकणारी, रस्त्यात बसवलेली भिंगं. हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं. घाऱ्याला इंग्रजीत एकच नेमका शब्द नाही. छटा पाहून लाइट ब्राउन, हेझल (हिरवट तपकिरी), ग्रीन किंवा ग्रे यांतला निवडावा लागतो. खोल डोळे जन्मजात असतील तर डीप-सेट, आजाराने आत गेले असतील तर संकन. या दोघांची अदलाबदल झाली तर देखणा माणूस क्षणात रोगी होतो.

गोरी, सावळी, गव्हाळ

गव्हाळ हा आपला गोड शब्द. त्याचं 'व्हीटिश' मात्र भारतीय उपखंडाबाहेर सहसा कोणाला कळत नाही. फेअर स्किन ही जोडी बरोबर आहे, पण फेअर हेअर म्हणजे सोनेरी केस. नुसतं 'शी इज फेअर' म्हटलं तर ती न्यायाने वागते असाही अर्थ निघतो. सावळ्या माणसाला 'ब्लॅक' म्हणू नका. तो आज एका समाजाची ओळख सांगणारा शब्द आहे. वर्णन करावंच लागलं तर ब्राउन किंवा डार्क-स्किन्ड. आणि माझं मत विचाराल तर, कोणी विचारलेलं नसताना कातडीचा रंग सांगूच नये. २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीलाही आपल्या नावातला फेअर काढून ग्लो घालावा लागला. दुकानात आपण 'स्किन कलरची लेगिंग' मागतो. कोणाची स्किन? क्रेयोला या अमेरिकी रंगखडूंच्या कंपनीने आपल्या 'फ्लेश' खडूचं नाव १९६२ मध्येच बदलून पीच केलं होतं. लेगिंगसाठी बेज म्हणा.

वजनाबद्दलही तशीच काळजी घ्या. अंगाने भरलेल्या माणसाला आपण सौम्यपणे 'हेल्दी' म्हणतो. इंग्रजीत हेल्दी म्हणजे फक्त निरोगी, त्यामुळे तुमचा सौम्यपणा पोचत नाही आणि अर्थही पोचत नाही. गुबगुबीत बाळाला चबी चालतं, ऑफिसातल्या माणसाला नाही. ठेंगणा आणि मजबूत माणूस स्टॉकी, कमावलेल्या अंगाचा वेल-बिल्ट. बारीक माणसासाठी स्लिममध्ये कौतुक आहे, थिन साधा आहे, स्किनीत बहुधा हाडं दिसतात. 'किती वाळलीस गं' या मायेच्या वाक्याचं 'यू हॅव बिकम वीक' करू नका. वीक म्हणजे अशक्त. 'यू हॅव लॉस्ट वेट' म्हणा, तेही जवळच्या माणसालाच.

'कसा दिसतो?' कसं विचारायचं

सगळ्यात जास्त घोटाळा या प्रश्नात होतो. स्टेशनवर कधीही न पाहिलेल्या पाहुण्याला घ्यायला जायचंय. तुम्ही विचारता, 'हाउ इज ही?' उत्तर येतं, 'फाइन, थँक यू.' तुम्ही तब्येत विचारलीत. मग 'हाउ डज ही लुक?' विचारलंत तर सध्या थकलेला दिसतो की ताजातवाना, ते कळेल. 'व्हॉट इज ही लाइक?' विचारलंत तर स्वभाव सांगतील. हवा आहे तो प्रश्न असा : 'व्हॉट डज ही लुक लाइक?' उत्तर देताना कपड्यांना इन, अंगाच्या गोष्टींना विथ : द मॅन इन द रेड शर्ट, द मॅन विथ द बिअर्ड.

इथेच आणखी एक खड्डा आहे. लुक लाइकपुढे नाम येतं, नुसत्या लुकपुढे विशेषण. 'ही लुक्स लाइक टायर्ड' चूक, 'ही लुक्स टायर्ड' बरोबर. 'शी लुक्स ब्यूटिफुली'सुद्धा चूकच, ब्यूटिफुल एवढंच. 'स्मार्ट दिसतो' म्हणताना आपल्या मनात देखणा असतो. लंडनमध्ये 'यू लुक स्मार्ट' म्हणजे कपडे टापटीप आहेत, आणि अमेरिकेत स्मार्ट म्हणजे मुख्यतः हुशार. रूपाबद्दलच बोलायचं असेल तर गुड-लुकिंग हा बाईला, पुरुषाला, दोघांनाही चालणारा शब्द आहे.

वस्तूंमध्ये आपली अडचण रंगांची, कारण मराठीत रंग फळाफुलांतून आणि पाखरांतून आलेत. राणी रंगाला हॉट पिंक म्हणा, 'क्वीन कलर' कोणाला कळणार नाही. पोपटी बहुधा लाइम ग्रीन किंवा ब्राइट ग्रीन. अबोलीला पीच नाहीतर सॅमन पिंक. मोरपंखीला पीकॉक ब्लू चालतं. फिक्या निळ्याला पेल ब्लू किंवा लाइट ब्लू म्हणा. डल म्हटलं तर रंगाला तेज नाही असं होतं. पण चेहऱ्याला पेल लावलंत की माणूस पांढराफटक पडलेला, आजारी. भडक शर्टाला लाउड ही फार नेमकी जोडी आहे, विटलेल्याला फेडेड. आणि लांब बाह्यांचा शर्ट 'फुल शर्ट' नसतो, लाँग-स्लीव्ह्ड असतो.

जोडी बरोबर आहे की नाही अशी शंका आली, तर मी एक करते. मराठीतून अर्थ शोधत बसत नाही. मोफत ऑनलाइन लर्नर्स डिक्शनरीत, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात, विशेषण नव्हे, नाम उघडते. शोल्डर्स उघडा, तिथे ब्रॉड भेटेल. रोड उघडा, वाइड भेटेल. रुंद दोन्हीकडे एकच होता. वहीत दोन्ही शब्द एकत्रच उतरवा, सुटा ब्रॉड किंवा सुटा वाइड लिहू नका. मग घरातल्या एखाद्या जुन्या फोटोतल्या माणसांचं वर्णन दहा ओळींत लिहून पाहा. आजीच्या नऊवारीपाशी, तिच्या नथीपाशी तुम्ही अडाल. तिथे 'नोज रिंग' लिहून थांबू नका, मोत्यांची आहे हेही सांगा : अ पर्ल नोज रिंग.